समाजशास्त्राचे प्राध्यापक पुण्यात कशावर संशोधन करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएचा निकाल लागला आणि पेटच्या (पीएचडीच्या प्रवेश परीक्षेच्या) जाहिरातीची चर्चा सुरू झाली की विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागतात. लातूर, नंदुरबार, चिपळूण, कुठून कुठून. "गाइड कोण घेऊ?", "मॅडमचा विषय काय आहे?", "माझा टॉपिक चालेल का?" प्रश्न तेच असतात, पण विचारणाऱ्याची पुढची पाच-सहा वर्षं त्यावर ठरणार असतात. म्हणून उत्तरं सविस्तर लिहून ठेवली आहेत. आजच्या प्राध्यापकांची नावं इथे दिलेली नाहीत. माणसं निवृत्त होतात, रजेवर जातात, दुसरीकडे रुजू होतात. कोणाकडे जागा आहे ही माहिती विभागाच्या ताज्या यादीतूनच घ्यावी. कोणते विषय चालू आहेत, ते कुठून आले आणि त्यांतून आपला मार्गदर्शक कसा शोधायचा, एवढं या पानावर सापडेल.

पुण्यात समाजशास्त्राचं संशोधन नेमकं कुठे होतं?

पहिलं ठिकाण अर्थातच गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. तिथे समाजशास्त्र विभाग आहे, आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रही आहे. याशिवाय संलग्न महाविद्यालयांमधली मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं, कर्वे रस्त्यावरचं एसएनडीटी महिला विद्यापीठ, गोखले अर्थशास्त्र संस्था आणि अलीकडची खासगी विद्यापीठं. तुमचा प्रश्न आरोग्याचा किंवा शिक्षणाचा असेल तर तो समाजशास्त्राच्या विभागाबाहेरही कोणीतरी हाताळत असतं, तेव्हा शोध एकाच इमारतीपुरता ठेवू नका.

विद्यापीठ १९४९ चं, पण पुण्यातलं समाजशास्त्र त्याहून जुनं आहे. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचं काम बघत होत्या. गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात पुण्यातल्या कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली होती. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली आले, आणि १९५६ मध्ये त्याच शहराची फेरपाहणीही छापून आली. आज पुण्यावर काम करणाऱ्या कोणालाही तुलनेसाठी हे साहित्य हाताशी आहे. ते फार कमी लोक उघडून बघतात, याची मला मनापासून खंत वाटते.

प्राध्यापकांच्या पानावर "संशोधनाची क्षेत्रं: लिंगभाव, जात, विकास, नागरीकरण" असं लिहिलेलं असतं. यातून काय समजायचं?

जवळजवळ काहीच नाही. ही यादी बायोडेटासाठी केलेली असते आणि ती मुद्दाम रुंद ठेवलेली असते. विद्यार्थी ती वाचून "मॅडम जेंडर करतात, माझंही जेंडर आहे" असं ठरवतात आणि दीड वर्षानं दोघांच्याही लक्षात येतं की आपण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

समजा तिघांच्या पानावर "नागरी समाजशास्त्र" लिहिलेलं आहे. पहिला प्राध्यापक महापालिकेत आलेल्या गावांतल्या जमिनीचे व्यवहार बघत असेल: सातबारा कोणाच्या नावावर होता, बहिणींनी हक्कसोड कधी केली, आलेल्या पैशातून काय उभं राहिलं. दुसरीचा अभ्यास पहाटेच्या पीएमपी बसनं कामाला जाणाऱ्या घरकामगार बायकांचा असेल. तिसऱ्याला मोठ्या गृहसंकुलांचे नियम खुणावत असतील: कामवालीला कोणती लिफ्ट, भाडेकरू कोण चालतो, कोण चालत नाही, सभेत कोण बोलतो. तिघांचं वाचन निराळं, पद्धत निराळी. पहिल्याकडे तुम्हाला तलाठी कार्यालय आणि दुय्यम निबंधकांचे दस्त वाचायला शिकायला मिळेल, दुसरीकडे माणसांबरोबर प्रवास करत नोंदी घ्यायला. तिसऱ्याकडे मुख्य अडचण फाटकातून आत कसं शिरायचं हीच असेल.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि त्या व्यक्तीचे शेवटचे दोन लेख पूर्ण वाचा. प्रत्येक लेखाबद्दल तीन गोष्टी वहीत उतरवा: प्रश्न काय होता, माहिती कोणाकडून घेतली, आणि लेखकाला अजून कशाचं उत्तर मिळालेलं दिसत नाही. शेवटच्या मुद्द्यातच बहुधा त्यांचा आजचा विषय दडलेला असतो. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) चाळलेत तर आणखी एक गोष्ट कळते. सगळ्या प्रबंधांची प्रकरणरचना सारखीच दिसली तर तिथे तुमच्या प्रश्नाला किती मोकळीक मिळेल याचा अंदाज येतो.

सध्या कोणत्या विषयांवर जास्त काम चालू आहे?

पुण्यात चार धागे ठळक दिसतात: श्रम, जात आणि लिंगभाव, शहर, शिक्षण. आरोग्य, पर्यावरण, धर्म, डिजिटल व्यवहार हेही आहेतच. हे कप्पे एकमेकांत मिसळतात आणि चांगलं काम नेहमी दोन कप्प्यांच्या मधे सापडतं. मोठे चार पुढे वेगवेगळे घेतले आहेत.

श्रमाच्या अभ्यासात पुण्यात काय बघण्यासारखं आहे?

खूप. पुण्यात अभ्यासक आणि कष्टकरी संघटना यांचं नातं जुनं आहे. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत, १९६९ चा माथाडी कायदा, मोलकरणींच्या संघटना, आणि १९९३ मध्ये सुरू झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ही शेवटची संघटना उभी राहिली तीच एसएनडीटीच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या-अभ्यासकांनी कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर केलेल्या कामातून. कचरा वेचणं हा कष्टाचा व्यवसाय आहे आणि त्यातून शहराचा खर्च वाचतो, हे दाखवायला कोणीतरी तो माल मोजावा लागला, दर नोंदवावे लागले, किती तास चालावं लागतं ते लिहावं लागलं. त्या नोंदींच्या बळावर ओळखपत्रांची मागणी उभी राहिली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. संशोधनाचा उपयोग काय, असं घरचे विचारतात तेव्हा हे उदाहरण सांगा.

दुसरा मोठा विषय ऊसतोडीचा. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गाळप संपेपर्यंत कारखान्यांच्या परिसरात पालं टाकून राहतात. पुणे जिल्ह्यातही त्या येतात. मुकादम आधी उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबानं, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी टनावर असते आणि हिशोब जोडीचा होतो. त्यामुळे बाई पहाटे फडावर जाऊन मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पालावर येऊन चूल पेटवते, आणि तिच्या नावावर वेगळा रुपया कुठेच लिहिला जात नाही. एक खाडा झाला तर दंड जोडीला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा आरोग्य, श्रम आणि लिंगभाव हे तीन "कप्पे" एकाच बाईच्या शरीरावर एकत्र आलेले दिसले. या विषयावर काम करायचं असेल तर हंगाम पाळावा लागतो. जूनमध्ये प्रश्नावली घेऊन फडावर गेलात तर तिथे कोणी भेटणार नाही; तेव्हा गावी जावं लागेल, आणि गावातलं बोलणं पालावरच्या बोलण्याहून वेगळं निघेल. दोन्ही ऐका.

जातीवर एवढं लिहून झालंय. नवीन काय उरलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याला जातीचा त्रास कधी झालेला नसतो.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यातच सत्यशोधक समाज स्थापन केला. जातीबद्दलची समीक्षा या शहरात विद्यापीठाच्या आधीपासून आहे, आणि विद्यापीठाला ती उशिरानं ऐकू आली. शर्मिला रेगे यांनी समाजशास्त्र विभागात आणि पुढे स्त्री अभ्यास केंद्रात जे काम केलं त्यामुळे हे ऐकणं अभ्यासक्रमात आलं. दलित स्त्रियांच्या बोलण्याकडे स्त्रीवादी अभ्यासकांनी कसं बघावं यावरचा त्यांचा १९९८ चा लेख आणि दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं २००६ चं पुस्तक, हे दोन्ही वाचल्याशिवाय पुण्यात जात आणि लिंगभाव या विषयाच्या मुलाखतीला बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या २०१३ मध्ये गेल्या. त्यांनी घडवलेले विद्यार्थी आज शिकवत आहेत, लिहीत आहेत.

उरलेलं खूप आहे. भाड्याचं घर शोधताना आडनाव विचारलं जातं तेव्हा काय घडतं? आयटी कंपनीत ओळखीनं भरती होते तेव्हा ती ओळख कोणाची असते? वधूवर सूचक मंडळांच्या ॲपवर "आंतरजातीय चालेल" वर टिक करणाऱ्यांची लग्नं शेवटी कुठे जमतात? जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं केलेला कायदा २०१७ पासून लागू आहे. तो पोलीस ठाण्यात कसा वापरला जातो? वरच्या जातींवर तर अजून फारच थोडा अभ्यास झाला आहे. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून प्रसिद्ध झालेले नाहीत. २०२७ च्या जनगणनेत जात नोंदवायचा निर्णय २०२५ मध्ये झाला, त्यामुळे मोजणीच्या काळात दारात काय बोललं जातं, कोण काय लिहायला सांगतं, याचाही अभ्यास करता येईल.

मी ज्या जातीचा अभ्यास करणार आहे त्या जातीचा नाही. (किंवा: मी त्याच जातीचा आहे.) अडचण येईल का?

दोन्हीकडे येते. बाहेरच्याला लोक ठेवणीतलं उत्तर देतात. आतल्याला म्हणतात, "तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे," आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

इरावतीबाई पंढरीच्या वारीला दिंडीबरोबर चालल्या आणि त्याबद्दल त्यांनी लिहिलं. दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी बरोबर चालत, अभंग म्हणत, आणि जेवणाच्या पंगती मात्र वेगळ्या होत. बाईंनी हे पाहिलं, ते टोचलं असं लिहिलं, आणि आपण कोणत्या पंगतीच्या आहोत हेही वाचकापासून लपवलं नाही. आपण कुठे उभे राहून बघतो आहोत हे प्रबंधात स्वच्छ सांगायचं असतं. एका परिच्छेदात उरकायची ती औपचारिकता नव्हे. कोणी तुम्हाला चहा दिला, कोणी ओट्यावरच बसवलं, हेसुद्धा तुमचं साहित्य आहे.

आजही दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. त्या दिवसांत पेठांमध्ये वारकऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था कोण करतं, कोणती मंडळं, कोणते व्यापारी, कोणते राजकीय कार्यकर्ते, हे बघायला एवढं जवळचं फिल्ड दुसरं मिळणार नाही.

शहराच्या अभ्यासात पुण्याचं वेगळेपण काय?

पुणं अनेक धक्क्यांनी वाढलं आणि प्रत्येक धक्क्याची वस्ती वेगळी आहे. पेठा, इंग्रजांचा कॅम्प, १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर उभ्या राहिलेल्या पूरग्रस्तांच्या वसाहती, पिंपरी-चिंचवडचा कारखान्यांचा पट्टा, हडपसरला शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून वसवलेलं मगरपट्टा, हिंजवडीचं आयटी पार्क. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. या गावांमध्ये ग्रामपंचायतीचा सदस्य नगरसेवकीचा उमेदवार कसा होतो, टँकरचं पाणी कोणाच्या मालकीचं, जत्रेचा मान कोणाकडे आणि सोसायटीतल्या नव्या लोकांचं त्या जत्रेत काय स्थान, हे सगळे आजचे प्रश्न आहेत.

धरणांचा धागाही शहराशीच बांधलेला आहे. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून पुणे जिल्ह्यानं विस्थापन पाहिलं आहे, आणि कोयनेच्या विस्थापितांची पाहणी इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह केली ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पर्यावरणाचं समाजशास्त्र नवं आहे असं समजून येणाऱ्यांनी ती एकदा बघावी.

स्पर्धा परीक्षेची तयारी हा संशोधनाचा विषय होऊ शकतो का? मी स्वतः त्यातून गेलोय.

होऊ शकतो, आणि तो पुण्यातच सगळ्यात चांगला होईल. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत दुपारी दोन वाजता कुठल्याही अभ्यासिकेच्या जिन्यात उभे राहा. पायऱ्यांवर चपलांची रांग, आत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर वेळापत्रक आणि एखाद्या निवड झालेल्या अधिकाऱ्याचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो. महिन्याचे पैसे भरलेली जागा ज्याची त्याची. खाली मेसचा बोर्ड, शेजारी झेरॉक्सचं दुकान, त्याच्या भिंतीवर "कॉट बेसिसवर जागा उपलब्ध" च्या चिठ्ठ्या, मुलांसाठी वेगळ्या, मुलींसाठी वेगळ्या. या एका जिन्यात शेती, लग्न, आरक्षण, घरभाडं आणि वय सगळं येऊन बसलेलं आहे.

प्रश्न मात्र टोकदार हवा. "स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास" असं शीर्षक आणू नका, अशा शीर्षकाच्या प्रबंधातून समस्यांची यादी निघते आणि शिफारशी निघतात. त्याऐवजी असं विचारा: वयाची तिशी जवळ आली की मुलाला घरून पैसे येत राहतात आणि मुलीचे थांबतात का? थांबतात तेव्हा ती घरी काय सांगते? किंवा, परीक्षा सोडून दिलेले गावी परत गेल्यावर कोणत्या कामात शिरतात, आणि गावातल्या राजकारणात त्यांचं वजन वाढतं की घटतं? यातला कोणताही एक प्रश्न तीन-चार वर्षं पुरेल. तुम्ही स्वतः त्यातून गेला आहात, याचा उपयोग प्रवेश मिळवण्यापुरता करा. इतरांच्या तोंडी स्वतःची उत्तरं घालायचा मोह टाळा.

सोशल मीडियावर विषय चालेल का?

चालेल. पण नुसत्या पोस्ट गोळा करून समाजशास्त्र होत नाही. पोस्ट टाकणारी माणसं भेटली पाहिजेत. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोण आणि कोणाला काढून टाकलं, इथून सुरुवात करा.

आकडेवारीचं काम करू की मुलाखतींचं?

प्रश्न बघून ठरवा. किती, कोणामध्ये जास्त, काळानुसार बदललं का, असं विचारायचं असेल तर पाहणी आणि आकडे. कसं घडतं, लोक त्याला काय समजतात, असं विचारायचं असेल तर मुलाखत आणि निरीक्षण. गणिताच्या भीतीनं मुलाखती निवडणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं: तासाभराची मुलाखत उतरवून काढायला पाच-सहा तास सहज जातात, आणि ते काम सोपं नाही. जनगणना आणि एनएसएसचे (राष्ट्रीय नमुना पाहणीचे) तक्ते वाचता येणं तर प्रत्येकाला आलंच पाहिजे. आपण ज्या वस्तीबद्दल बोलतो ती शहरात कुठे बसते, हे त्याशिवाय कळत नाही.

समाजशास्त्र आणि समाजकार्य यांत गल्लत होते. मी कुठे अर्ज करू?

प्रशिक्षण घेऊन संस्था-संघटनांमध्ये, दवाखान्यात, समुपदेशनात काम करायचं असेल तर समाजकार्य. पुण्यात १९६३ पासूनची कर्वे समाजसेवा संस्था त्यासाठीच आहे. एखादी गोष्ट अशी का आहे याचा शोध घ्यायचा असेल तर समाजशास्त्र. एकातून दुसरीकडे गेलेली माणसं भरपूर आहेत.

प्रबंध मराठीत लिहिता येईल का?

मराठीत लिहिलेले समाजशास्त्राचे अनेक प्रबंध शोधगंगेवर आहेत. तुमच्या केंद्राचा माध्यमाचा नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घ्या. माझा आग्रह असा की मुलाखती ज्या बोलीत झाल्या त्या बोलीतच उतरवाव्यात, प्रबंध कोणत्याही भाषेत असो. "आमच्यात बाया फडावर निस्त्या राबत्यात" हे वाक्य प्रमाण मराठीत घासून घेतलं तरी त्यातलं काहीतरी निसटतं, मग इंग्रजीत तर बोलायलाच नको. इंग्रजी वाचन मात्र टाळता येणार नाही. रोज दहा पानं, शब्दकोश जवळ घेऊन. त्याचबरोबर 'समाज प्रबोधन पत्रिका' आणि 'परिवर्तनाचा वाटसरू' यांचे जुने अंक चाळा. मराठीत सैद्धांतिक वाक्य कसं लिहितात ते तिथे दिसतं.

गाइडकडे "जागा नाही" म्हणतात. हे खरं असतं का?

बहुतेक वेळा खरं असतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापक ८, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४ विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे नावाजलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकांकडे जागा नसणं स्वाभाविक आहे. नव्यानं मार्गदर्शक झालेल्या सहायक प्राध्यापकांकडे जायला विद्यार्थी कचरतात, ते मला पटत नाही. त्यांचं स्वतःचं फिल्डवर्क ताजं असतं, आणि मसुदा वाचायला वेळ असतो.

पात्रता आणि मुदत काय?

पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी (नॉन क्रिमीलेअर), ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांनाही अर्ज करता येतो. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या उमेदवारांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही गोष्ट मुलींना बऱ्याचदा कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिली. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.

विद्यावेतन कुठून मिळेल?

नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी (या दोन्ही पुण्यातच), आणि ओबीसी, भटके विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती. आयसीएसएसआरचीही (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) विद्यावेतनं असतात. पहिला हप्ता हाती पडायला वेळ लागू शकतो; काही महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे आधी जमवून ठेवा.

लोकांची नावं बदलली की झालं ना?

नाही. "तालुक्यातली पहिली महिला सरपंच, नवरा साखर कारखान्याचा माजी संचालक" असं लिहिल्यावर नाव बदलून काय उपयोग? तालुक्यात सगळ्यांना कळतं. ओळखू येणारे दोन-तीन तपशील एकत्र येऊ देऊ नका. गरज पडली तर एका व्यक्तीचं बोलणं दोन ठिकाणी विभागून द्या आणि तसं केल्याचं प्रकरणात सांगा. संमती घेताना कागदावर सही घ्यायचा आग्रह धरला की पुष्कळ माणसं दचकतात, कारण सह्यांनी त्यांच्या जमिनी गेलेल्या असतात. तोंडी संमती नीट नोंदवून घेणं अशा वेळी जास्त प्रामाणिक. आणि मुलाखतींचं रेकॉर्डिंग झटपट टंकून मिळतं म्हणून कुठल्याही ऑनलाइन सेवेवर चढवू नका. बोलणाऱ्यानं ते तुम्हाला सांगितलेलं असतं.

माझे निष्कर्ष गाइडच्या मताविरुद्ध गेले तर?

इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर संशोधन करत होत्या. वंशांत श्रेष्ठ-कनिष्ठ असतात असं मानणारा तो मार्गदर्शक. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि त्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असं लिहिलं. त्यांना १९३० मध्ये पदवी मिळाली. तुमचं मोजमाप, तुमच्या नोंदी नीट असतील तर बोला. दर सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं, तिथे इतर प्राध्यापकही असतात. चांगला गाइड अशा वेळी वाद घालतो, पुरावा मागतो आणि शेवटी मान्य करतो. पहिल्या भेटीत हे कळत नाही; त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना विचारलं तर कळतं.

पहिली मेल कशी लिहू?

छोटी. "आदरणीय सर/मॅडम, मी अमुक महाविद्यालयातून एमए केलं आहे" हे एक वाक्य. त्यांचा कोणता लेख वाचला आणि त्यातला कोणता मुद्दा मनात राहिला, हे दोन वाक्यांत. तुमचा प्रश्न, तीन-चार वाक्यांत, कुठे आणि कोणाबरोबर काम करायचं आहे त्यासह. भेटीची वेळ मागा. बायोडेटा जोडा, सहा पानांचा आराखडा जोडू नका. एकच मजकूर पंधरा जणांना पाठवलेला असेल तर तो वाचता क्षणी ओळखू येतो.

भेटीला जाताना वही न्या आणि तीन गोष्टी विचाराच: सध्या तुमच्याकडे किती विद्यार्थी आहेत, मसुदा दिल्यावर साधारण किती दिवसांत वाचून देता, आणि फिल्डवर असताना तुमच्याशी संपर्क कसा ठेवायचा. या प्रश्नांनी कोणाचा अपमान होत नाही. भेट झाली की विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जाऊन त्यांनी सुचवलेलं पहिलं पुस्तक त्याच दिवशी हातात घ्या, आणि आठवडाभरात त्यावर पानभर लिहून पाठवा.